मॅनाटींची हंगामी नोंद: आधी थर्मामीटर, मग दुर्बीण

फ्लोरिडात मॅनाटी, म्हणजे पाण्यात राहून गवत खाणारा सस्तन प्राणी, कुठे सापडेल हे महिन्यापेक्षा पाणी किती गार झालंय यावर ठरतं. नुसतं कॅलेंडर बघून आखलेली फेरी म्हणूनच फुकट जाते. प्राणी तीन मीटर लांब आणि पाचशे किलोच्या घरातला, पण अंगात देवमाशासारखा चरबीचा जाड थर नाही आणि चयापचय मंद. पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊन तिथेच राहिलं, तर तो आजारी पडतो, मरतोही.

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत उबेच्या जागा धरा. पहिल्या जागा म्हणजे झरे. क्रिस्टल रिव्हर गावचा किंग्ज बे आणि सेंट जॉन्स नदीला मिळणारा ब्लू स्प्रिंग इथलं झऱ्याचं पाणी बाराही महिने २२-२३ अंशांवर असतं. वीजकेंद्रांचं ऊन पाणी जिथे बाहेर पडतं त्या दुसऱ्या. टँपाजवळच्या अपोलो बीचचं बिग बेंड त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिसरी जागा फसवी असते. नैऋत्य किनाऱ्यावरच्या पोर्ट ऑफ द आयलंड्ससारख्या खोल डबक्यांत वर गोड्या पाण्याचा गार थर असतो आणि तळाशी जड, खारं, कोमट पाणी अडकून राहतं. मॅनाटी त्या तळाशी जाऊन बसतात. पृष्ठभागाचंच तापमान घेणारा माणूस मात्र ‘जागा गार, प्राणी नसणार’ असं लिहून निघून जातो. म्हणून थर्मामीटर वजन बांधलेल्या दोरीवर लावा आणि वरचं, मधलं, तळाचं अशी तीन मापं घ्या. हंगामाच्या सुरुवातीला तो बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहा.

मोजणीला थंडीची लाट येऊन गेल्यानंतरचा दुसरा-तिसरा दिवस चांगला. प्राणी तोवर उबेला गोळा झालेले असतात, आकाश निवळतं, वारा पडतो. राज्याची विमानातून होणारी हिवाळी गणनाही अशाच दिवसांची वाट बघत थांबते. पहाटे या; दुपारी ऊन चढलं की बरेच जण चरायला बाहेर पडतात आणि आकडा पडतो. किंग्ज बेच्या थ्री सिस्टर्स झऱ्यांची वाट अरुंद आणि उथळ आहे, तिथे आत शिरणं भरतीवर अवलंबून असतं. भरती-ओहोटीची वेळ लिहिली नाही तर दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

मोजताना एका जागी किमान २० मिनिटं थांबा. फिरता मॅनाटी तीन ते पाच मिनिटांनी नाक वर काढतो, पण झोपलेला वीस मिनिटंसुद्धा खाली राहू शकतो. गढूळ पाण्यात दिसणारी प्रत्येक नाकपुडी वेगळी धरली की एकाचे चार होतात, म्हणून एकाच क्षणी जास्तीत जास्त किती दिसले तेवढाच आकडा लिहा. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा लावा. नाक दिसलं नाही तरी शेपटीच्या फटकाऱ्याने पृष्ठभागावर तेलकट, गुळगुळीत गोल डाग उठतात. असे डाग ओळीने दिसले तर प्राणी कुठल्या दिशेला चाललाय ते कळतं. तुटून तरंगणारं गवत आणि घोड्याच्या लिदीसारखी विष्ठा ही आणखी दोन चिन्हं. सोबतच्या मोठ्याच्या निम्म्या लांबीचा किंवा त्याहून लहान असेल तर पिल्लू म्हणून वेगळ्या रकान्यात घ्या.

पाठीवर बोटीच्या पंख्याचे समांतर वण असतील तर फोटो काढा. संशोधक एकेक प्राणी याच वणांवरून ओळखतात. कातडीही बरंच सांगते. हिरवं शेवाळ बहुधा गोड्या पाण्यातला मुक्काम दाखवतं, तर चिकटलेले बार्नेकल (शिंपल्यासारखे कवचवाले बारीक जीव) खाऱ्या पाण्यातला. हा रकाना बहुतेक जण सोडून देतात.

उन्हाळ्याची नोंद अवघड, कारण प्राणी पांगतात. काही उत्तरेला चेसापीक उपसागरापर्यंत जातात, तर मोजके मॅसॅच्युसेट्सपर्यंत. अशा वेळी जागा निवडायची ती समुद्रगवताची उथळ कुरणं आणि जवळ गोडं पाणी बघून: नदीचं मुख, कालवा, अगदी धक्क्यावरचा गळका नळसुद्धा. मात्र तो नळ मुद्दाम सोडू नका. पाणी पाजणं, खाऊ घालणं, हात लावणं सगळं बेकायदा आहे. प्रत्येक वेळी गवत आहे की नाही हेही लिहा. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये ऊब होती, पण शैवालाच्या उद्रेकांनी गवत गेलं होतं. २०२१ मध्ये फ्लोरिडात १,१०० हून अधिक मॅनाटी मेले, त्यांतले बरेच तिथे उपासमारीने. नुसती गर्दी मोजून जागेला ‘उत्तम अधिवास’ म्हणणाऱ्यांनी हे आठवावं. शून्य दिसले तर ‘०’ लिहा. रिकामी ओळ म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत.

भारतात मॅनाटी नाही. कच्छचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमानात दिसतो तो त्याचा नातलग डुगाँग. त्याची शेपूट डॉल्फिनसारखी दुभंगलेली असते, मॅनाटीची गोल, वल्ह्यासारखी. डुगाँग समुद्र सोडत नाही, त्यामुळे झऱ्यांचं हे गणित त्याला लावू नका.

कडक उन्हाळ्यात किनाऱ्यालगत पाच-सहा प्राणी एकमेकांवर लोळताना दिसले तर ‘अडकलेत’ समजून ढकलू नका. ती मीलनाची झुंबड असते: मध्ये एक मादी, भोवती नर. लांब उभं राहून संख्या आणि वेळ टिपा. याउलट हिवाळ्यात नाक, वल्ह्यासारखे पुढचे पाय किंवा शेपटीवर पांढुरके चट्टे असलेला, एका कुशीवर कललेला प्राणी दिसला तर मोजणी थांबवून राज्याच्या वन्यजीव खात्याला लगेच कळवा. मागे दोरीला बांधलेलं, अँटेना असलेलं नळकांडं तरंगत असेल तर तो संशोधकांनी माग काढायला लावलेला ट्रान्समीटर आहे. दोरी मुद्दाम कच्ची ठेवलेली असते, प्राणी अडकला तर तुटावी म्हणून. ती ओढू नका. नळकांड्यावरच्या पट्ट्यांचे रंग आणि त्यांचा क्रम तेवढा लिहून घ्या.