पुराच्या बोटीचं मशीन मे महिन्यातच उघडा

कृष्णाकाठच्या गावात बोटीचं मशीन, म्हणजे बोटीच्या मागे अडकवायचं पेट्रोल इंजिन, पुराचे चार-आठ दिवस चालतं आणि बाकी वर्षभर पडून राहतं. माझं मूळ काम पाणी उपसायच्या मोटरी आणि डिझेल इंजिनांचं. २०१९ च्या पुरानंतर आसपासच्या गावांत रबरी आणि फायबरच्या बोटी आल्या, तशी त्यांची मशीनंही माझ्या बाकड्यावर यायला लागली. पाण्यात चालून बिघडलेलं मशीन त्यात क्वचितच. कार्बोरेटरात पेट्रोलचा डिंक, पंपाचं रबर वाळून कडक, वायरी उंदराने खाल्लेल्या, असाच माल जास्त. त्यामुळे हे सगळं ज्या पोराच्या हातात ग्रामपंचायतीने शेडची किल्ली दिलीय त्याच्यासाठी आहे. मुरलेल्या नावाड्याला यातलं निम्मं पाठ असेल.

आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ वर धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ४० ची बातमी आल्यावर मशीन बाहेर काढणारी गावं मला माहीत आहेत. त्या वेळी दुकानं बंद, रस्ता पाण्याखाली आणि मेकॅनिक स्वतःचं घर वर हलवण्यात गुंतलेला. कोयनेचे दरवाजे उघडण्याच्या बातम्या यायच्या आधी, म्हणजे वळवाचे पाऊस पडत असतानाच, मशीनला हात लावा.

पहिल्यांदा तुमचं मशीन टू स्ट्रोक आहे की फोर स्ट्रोक ते बघा. वरचं कव्हर काढल्यावर ऑइल तपासायची डिपस्टिक दिसली तर फोर स्ट्रोक. त्याचं इंजिन ऑइल वेगळं असतं, ते वर्षातून एकदा बदला आणि पातळी बघा, की झालं. टू स्ट्रोकला ऑइल पेट्रोलातच मिसळायचं, आणि घोळ तिथेच होतो. बहुतेक मशीनांना ५०:१ चं प्रमाण असतं, म्हणजे लिटरला २० मिली आणि २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. कोरं मशीन असेल तर सुरुवातीच्या तासांत ऑइल जास्त लागतं, बहुधा दुप्पट. पण तुमच्या मशीनच्या पुस्तकात काय दिलंय तेच धरा. ऑइलच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं हवं. गॅरेजमध्ये मिळणारं मोटरसायकलचं टू-टी ऑइल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. बोटीचं इंजिन पाण्याने थंड होतं आणि त्यात ते ऑइल प्लगवर राख धरतं. स्वस्त पडतं म्हणून ते घालायचं आणि पुरात प्लग पुसत बसायचं, यात काही बचत नाही.

पेट्रोलचंही सांगतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्याच उसाचं, त्यामुळे सांगली जिल्ह्यात बसून त्याला नावं ठेवायची सोय नाही. पण ते हवेतली ओल ओढतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून पावसाळा काढला की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, आणि टाकीतली नळी पेट्रोल उचलते तीही तळातूनच. म्हणून मागच्या पुरातलं पेट्रोल यंदाच्या पुरात वापरायचं नाही, कितीही शिल्लक असलं तरी. जूनमध्ये टाकी रिकामी करून कोरडी पुसा. ताजं पेट्रोल पूर यायच्या सुमाराला भरा आणि मिश्रण करताना ऑइल आधी थोड्या पेट्रोलात घालून हलवा, मग बाकीचं ओता.

आता चाचणी. दोनशे लिटरचा बॅरल वरून कापून घ्या, कडेला जाड फळी घट्ट बांधा आणि तिच्यावर मशीनचे दोन्ही क्लॅम्प आवळा. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर एक आडवी चपटी पट्टी असते, पाणी तिच्या चांगलं वर असलं पाहिजे. बॅरलमध्ये गिअर टाकायचा नाही, सगळं न्यूट्रलवरच. आणि कोरड्यावर ‘फक्त आवाज ऐकायला’ म्हणून सुद्धा दोरी ओढायची नाही. पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचं चाक असतं, इम्पेलर. त्याला वंगण पाण्याचंच. कोरडं फिरलं तर काही सेकंदांत ते भाजायला लागतं.

सुरू करताना क्रम ठरलेला ठेवा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा. पेट्रोलची नळी जोडताना तिच्यातल्या रबरी फुग्यावरचा बाण मशीनकडे आहे ना बघा. फुगा कडक होईपर्यंत दाबा. किल स्विचची, म्हणजे मशीन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची, क्लिप बसवा. गिअर न्यूट्रल, हँडल ‘स्टार्ट’च्या खुणेवर, चोक बाहेर. मागे कुणी उभं नाही हे बघूनच दोरीला हात घाला, नाहीतर कोपर कुणाच्या तरी दातावर बसतं. दोरी आधी हळू ओढा, आत काहीतरी अडकल्यासारखं हाताला लागेल, तिथून जोरात ओढा. मशीन पकडलं की चोक आत. दहा वेळा ओढूनही नुसता पेट्रोलचा वास येत असेल तर ते पेट्रोलने भरलंय. चोक आत ढकला, प्लग काढून पुसा, थोडा वेळ उघडं राहू द्या आणि प्लग लावून पुन्हा ओढा.

सुरू झाल्यावर आवाजावर खूश होऊ नका, मागे बघा. मशीनच्या मागच्या बाजूच्या छोट्या भोकातून बॉलपेनच्या कांडीएवढी पाण्याची धार सतत पडली पाहिजे. इंजिनाला थंड पाणी मिळतंय याची तेवढीच खूण आपल्याकडे असते. थोड्या वेळाने धारेखाली हाताचं बोट धरा, पाणी कोमट लागेल. चटका बसत असेल, धार तुटक असेल किंवा येतच नसेल तर लगेच बंद करा.

धार न येण्याचं आमच्याकडचं पहिलं कारण म्हणजे कुंभारीण माशी. शेडमध्ये पडलेल्या मशीनच्या त्या भोकात ती मातीचं घर करते. बाहेरून भोक भरल्यासारखं दिसतही नाही, कारण माती बोटाच्या पेराएवढी आत असते. बारीक तार घालून हळू फिरवली की वाळलेला चिखल भुगा होऊन पडतो, कधी त्यात अळीही निघते. शेडमध्ये ठेवताना भोकात कापडाची लाल चिंधी खोचून ठेवा. रंग लाल एवढ्यासाठी, की काढायची राहिली तर लांबून दिसेल.

तारेने काम झालं नाही तर इम्पेलर बघावा लागतो. मशीनचा खालचा भाग, म्हणजे पाय, चार-पाच बोल्टांवर असतो, पण काढताना गिअरचा रॉडही सोडवावा लागतो. एकदा जाणकाराच्या हाताखाली करा, मग स्वतः. रबराची पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील किंवा मुळाशी चीर असेल तर बदला. नवा इम्पेलर साबणाच्या पाण्यात बुडवून, शाफ्ट वरून बघता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत आत बसवा, म्हणजे पाती बरोबर दिशेला झुकतात. शाफ्टवरची छोटी चावी, म्हणजे इम्पेलर शाफ्टला अडकवणारा तुकडा, गवतात पडू देऊ नका. ती तिथे सापडत नाही.

पायातलं गिअर ऑइलही याच वेळी. आधी खालचा स्क्रू सोडा, मग वरचा. ऑइल दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी आत गेलंय. बहुतेक वेळा पंख्यामागे गळाची नायलॉन दोरी गुंडाळलेली असते आणि तिनेच सील कापलेलं असतं. म्हणून पंखा काढून मागे बघाच. नवं ऑइल खालच्या भोकातून वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचं. वरून ओतलं तर हवा अडकते. पंखा परत लावताना स्प्लिट पिन नवी घाला, ती दोन-पाच रुपयांची गोष्ट आहे.

बोटीवर चढवताना क्लॅम्प हाताने जेवढे आवळतील तेवढे आवळा आणि तरीही मशीन जाड दोरीने बोटीला बांधा. पंख्यावरची पट्टी बोटीच्या तळाशी सरळ रेषेत किंवा बोटभर खाली असावी. फार वर राहिली तर पंखा हवा घेतो आणि मशीन नुसतं ओरडतं.

चालवणाऱ्याने बसूनच चालवायचं. किल स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची. हँडलला गुंडाळून ठेवायची नाही. चालवणारा पाण्यात पडला आणि मशीन चालूच राहिलं तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. गिअर बदलताना आधी हँडल पूर्ण कमी, क्षणभर थांबा, मग बदला. भरधाव येऊन एकदम थांबवलं तर मागची लाट आत येते, आणि माणसांनी भरलेल्या बोटीला तेवढी पुरते.

किती माणसं घ्यायची ते बोटीवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली, त्यात माणसं गेली, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तरी पाणी उंबऱ्याला लागलं की लोक रेटतात, त्यात गैर काही नाही, जिवाची भीती असते. म्हणून मोजायचं काम चालवणाऱ्याकडे देऊ नका. काठावर गावात ज्याचा शब्द चालतो असा एक माणूस उभा करा. तात्या, अण्णा कुणीही असोत, पाटीवरचा आकडा झाला की त्यांनी हात आडवा घालायचा. जॅकेटशिवाय कुणी चढायचं नाही, सरपंचसुद्धा.

आता आपल्या पाण्याबद्दल. पुस्तकातली बोट नदीत किंवा समुद्रात चालते, आपली पाणंदीवरून आणि उसावरून. गढूळ पाण्याखाली कुंपणाची तार, द्राक्षबागेचे अँगल, पाइपलाइनचे व्हॉल्व्ह, रस्त्याचे दगड काय आहे ते दिसत नाही. पुढे एक जण बांबू घेऊन बसवा आणि वेग चालण्याएवढाच ठेवा. नेहमीच्या वाटेवरच्या खांबांना मे महिन्यातच रंगाच्या खुणा करून घ्या. विजेच्या तारा तर पुरात डोक्याला लागतील इतक्या खाली येतात. लाइन बंद केल्याचं वायरमनच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या बाजूला जायचं नाही.

उसाचं पाचट किंवा केंदाळ पंख्यात गुंतलं की मशीन घरघरतं आणि धार बारीक होते. बोट आधी झाडाला किंवा खांबाला दोरीने धरा, मग मशीन बंद करून वर उचला आणि विळ्याने कापून काढा. पाणी घेण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसली असेल तर तीही काढा. हे करताना बोट धारेला मोकळी असेल तर वल्ही हाताशी हवीत. आमच्या आजोबांच्या वेळी लोक गुळाच्या काहिलीत बसून पलीकडे जायचे, हाताने पाणी मारत. मशीन आलं म्हणून वल्ही घरी ठेवायची पद्धत कुठून आली कळत नाही.

पाण्यातल्या माणसाकडे खालच्या अंगाने, धारेच्या विरुद्ध तोंड करून जा, म्हणजे बोट त्याच्यावर ढकलली जात नाही. तो हाताच्या अंतरावर आला की मशीन बंद. न्यूट्रल नव्हे, बंद. गर्दीत कुणाचा तरी गुडघा गिअरला लागतो.

पेट्रोल भरायचं ते काठावर, मशीन बंद करून आणि टाकी बोटीतून खाली उतरवून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. विडी-सिगारेट लांब.

मध्येच मशीन बंद पडलं तर लगेच दोरी ओढत सुटू नका. हवेचा स्क्रू उघडा आहे का? फुगा मऊ पडलाय का? किल स्विचची क्लिप निसटलीय का? बरेचदा काम इथेच होतं. लहान मशीनांत पंख्याला शिअर पिन असते. इंजिन मजेत चालतंय आणि बोट हलत नाही, म्हणजे ती तुटली. तिच्या जागी खिळा घालू नका. पुढच्या दगडाला खिळा तुटणार नाही, गिअर तुटेल.

मशीन पाण्यात बुडालं तर काढल्यावर उन्हात वाळवत ठेवायचं नाही. हवा लागली की गंज धरतो. त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने धुवा, प्लग काढा, दोरी हळू ओढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा, कार्बोरेटर रिकामा करा, आत ऑइल सोडा आणि लगेच मेकॅनिककडे न्या. दोरी अडकत असेल तर जोर लावू नका.

पूर ओसरल्यावर, हार-तुरे आणि फोटो झाले की, मशीन परत बॅरलमध्ये घाला. स्वच्छ पाण्यावर दहा मिनिटं चालवा, म्हणजे आतला गाळ निघेल. मग पेट्रोलची नळी काढा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. कार्बोरेटर रिकामा होतो. प्लग काढून आत थोडं ऑइल टाका, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा, सांध्यांना ग्रीस द्या. ठेवायचं ते घोडीवर उभं. फोर स्ट्रोक आडवं ठेवायचंच झालं तर कोणत्या कुशीवर ते त्याच्यावर खुणेने दिलेलं असतं. दुसऱ्या कुशीवर ठेवलं तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती चादर पुरे.

मशीनसोबत एक पिशवी टांगलेली असू द्या. दोन प्लग, प्लगपाना, पक्कड, शिअर पिन, स्प्लिट पिन, सुरू करायची जादा दोरी, किल स्विचची जादा क्लिप, बारीक तार, विळा, हातातली बॅटरी (टॉर्च). शेडची किल्ली दोघांकडे ठेवा, आणि त्यातला निदान एक तरी पुण्याला नोकरीला नसावा.