चारचौघांत कुणाला लागू नये असे शब्द

ग्रामसभेची सूचना लिहिताना किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही टाकताना ते आधी मोठ्याने वाचा. ज्याच्याबद्दल लिहिलं, तो माणूस समोर बसला आहे असं धरा. जीभ अडखळली, तर शब्द बदला.

आपल्याकडे व्यंगावरून हाक मारायची सवय फार जुनी आहे आणि ती खरंच वाईट आहे. माणसाला नाव असतं. त्यापुढे ‘भाऊ’ किंवा ‘ताई’ लावलं की पुरे. कागदावर उल्लेख करावाच लागला तर ‘दिव्यांग व्यक्ती’ लिहा. राज्याच्या स्वतंत्र विभागाचं नावही ‘दिव्यांग कल्याण’ असंच आहे.

वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. तुमच्या गावात समतानगर, क्रांतीनगर असं नवं नाव ठरलं असेल तर लग्नपत्रिकेतही तेच छापा. यादीत ‘अमक्याची विधवा’ नको, त्या बाईचं स्वतःचं नाव हवं.

घरकराची आठवण देताना ‘थकबाकीदारांनो’ म्हटलं की माणूस चिडतो. ‘ज्यांचा कर भरायचा राहिला आहे, त्यांनी’ असं लिहा. म्हाताऱ्या माणसाला अर्ज कळला नाही, तर ‘तुम्हाले समजत नाही’ म्हणू नका. ‘मी पुन्हा सांगतो, काकाजी’ म्हणा. नागपूर-भंडाऱ्याकडचं ‘बसा जी’, ‘हो जी’ तर तोंडात आहेच. ते सालदाराशी बोलतानाही वापरा.