घरच्या संगणकाला पेलेल असा अँटिव्हायरस कसा निवडावा

अँटिव्हायरस विकत घेण्यापूर्वी आपल्या संगणकावर आधीपासून कोणकोणते अँटिव्हायरस बसलेले आहेत हे पाहणे, ही या कामातली पहिली पायरी आहे आणि बहुतेक घरांत नेमकी तीच राहून जाते. आमच्या एका नातलगांचा लॅपटॉप सुरू करून गॅसवर चहाचे आधण ठेवले, तर चहा गाळून होईपर्यंत पडद्यावर नुसते चक्र फिरत असे. तपासल्यावर आढळले की लॅपटॉपबरोबरच आलेली एका अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती, दुरुस्तीच्या वेळी दुकानदाराने घातलेला दुसरा अँटिव्हायरस आणि कुठल्याशा मोफत व्हिडिओ प्लेअरच्या पाठीवर बसून आलेला तिसरा, असे तीन पहारेकरी एकाच दारात उभे होते. दोन काढून टाकले आणि नवीन काही विकत घेण्याचा विषयच संपला. 'विंडोज सिक्युरिटी'च्या खिडकीत 'मॅनेज प्रोव्हायडर्स' असा दुवा असतो. तेथे ही यादी पाहता येते. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर हा अँटिव्हायरस दुसरा अँटिव्हायरस आला की आपोआप बाजूला होतो, परंतु बाहेरून आणलेले दोन अँटिव्हायरस एकमेकांना अशी वाट करून देतीलच, असे धरून चालता येत नाही.

वेग नेमका कोठे खर्च होतो, हे समजल्याशिवाय निवड करता येत नाही. कोणतीही फाइल उघडली, साठवली किंवा तिची नक्कल केली की अँटिव्हायरस ती क्षणभर अडवतो, वाचतो, ओळखीच्या खुणांशी ताडून पाहतो आणि मगच पुढे सोडतो. एका फाइलीच्या बाबतीत हा विलंब जाणवत नाही. परंतु विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना अशा शेकडो लहान फाइली एकामागून एक वाचल्या जातात. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी असते, म्हणजे तिच्या एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात आणि विखुरलेल्या फाइली वाचताना ती सेकंदाला शंभर वाचनेही धडपणे करू शकत नाही. त्यातच एकीकडे विंडोज, दुसरीकडे अँटिव्हायरसचे पूर्ण स्कॅन आणि तिसरीकडे विंडोज अपडेट अशा तिघांची ओढाताण सुरू झाली की संगणक हँग झाल्यासारखा वाटतो. हार्ड डिस्कच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडी या साठवणीला फिरणारे भागच नसल्यामुळे ती सेकंदाला हजारो वाचने सहज करते, म्हणून तोच अँटिव्हायरस तिच्यावर चालत असल्याचे जाणवतही नाही. संगणकात अजून हार्ड डिस्कच असेल, तर माझ्या मते परवान्याच्या पैशांचा विचार करण्याआधी एसएसडीचा विचार करावा. कितीही हलका अँटिव्हायरस आणला तरी तेवढा फरक पडत नाही.

रॅमचे, म्हणजे चालू कामे ठेवण्याच्या तात्पुरत्या स्मृतीचेही तसेच आहे. चार जीबी रॅमच्या संगणकावर ब्राउझरची आठ-दहा पाने उघडी असली की उरलेली जागा संपते आणि विंडोज रॅममधील मजकूर डिस्कवर हलवू लागते. अशा वेळी अँटिव्हायरसने घेतलेले दोन-तीनशे एमबीही जड जातात.

दोष अँटिव्हायरसचाच आहे का, हे पाहण्यासाठी संगणक मंदावलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावा आणि 'डिस्क' या स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक करावे, म्हणजे डिस्क सर्वाधिक वापरणारा प्रोग्रॅम वर येतो. सीपीयू, म्हणजे संगणकाचा मुख्य प्रोसेसर, दहा-पंधरा टक्क्यांवर आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर असे दृश्य दिसले, तर अडचण डिस्कची आहे. यादीत वर 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हे नाव असेल, तर तो डिफेंडर असतो. तेथे विंडोज अपडेट किंवा फाइलींची सूची तयार करणारी शोधसेवा दिसली, तर अँटिव्हायरस बदलून काहीच साधणार नाही.

यापुढची पायरी मोजणीची आहे. त्यासाठी मोबाईलवरील स्टॉपवॉच आणि एक कागद पुरतो. पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझरमध्ये नेहमीचे पान पूर्ण दिसेपर्यंतचा वेळ, हजार-दोन हजार छायाचित्रांच्या फोल्डरची नक्कल होण्यास लागणारा वेळ आणि रोज वापरातली एखादी मोठी एक्सेल फाइल उघडण्यास लागणारा वेळ, अशी तीन कामे मोजावीत. प्रत्येक काम तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा आणि दर वेळी मध्ये संगणक रीस्टार्ट करावा, कारण एकदा वाचलेली फाइल काही काळ रॅममध्ये राहते आणि दुसऱ्या खेपेचा वेग फसवा असतो. नवा अँटिव्हायरस घातल्याच्या दिवशी मोजणी करूच नये. पहिल्या दिवशी तो सगळी डिस्क पिंजून काढत असतो. एकदा तपासलेल्या आणि न बदललेल्या फाइलींची नोंद बरेच अँटिव्हायरस ठेवतात व पुढे त्या पुन्हा वाचत नाहीत, त्यामुळे दोन-तीन दिवसांनी जो वेग दिसतो तोच खरा. माझ्या पाहण्यात अनेकांनी पहिल्याच संध्याकाळी वैतागून चांगला अँटिव्हायरस काढून टाकलेला आहे.

आता मुळात दुसरा अँटिव्हायरस हवा का, या प्रश्नाकडे वळू. डिफेंडर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरस म्हणून विंडोजमध्येच असतो. ज्या घरात विंडोज ११ वेळच्या वेळी अपडेट होते, क्रॅक केलेले, म्हणजे परवाना चुकवून चालवलेले, सॉफ्टवेअर वापरले जात नाही आणि पेन ड्राइव्ह गावभर फिरत नाही, त्या घराला तो पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो अंगभूत आहे म्हणून सर्वांत हलकाही असणार, हा समज बरोबर नाही. स्वतंत्र प्रयोगशाळांच्या वेगाच्या चाचण्यांत काही विकतचे अँटिव्हायरस त्याच्यापेक्षा हलके ठरलेले आहेत. तो जड वाटत असल्यास ठरलेली कामे ठरल्या वेळी सुरू करणाऱ्या विंडोजच्या 'टास्क शेड्युलर'मध्ये त्याच्या नियोजित स्कॅनची वेळ बदलून, संगणक चालू असतो पण कोणी वापरत नाही अशी, उदाहरणार्थ दुपारच्या जेवणाची, वेळ ठरवून द्यावी. नियोजित स्कॅनच्या वेळी सीपीयूचा सरासरी ५० टक्क्यांपर्यंतच वापर करावा, अशी मर्यादा डिफेंडरमध्ये मुळातच असते. वेग वाढवण्यासाठी 'एक्सक्लूजन्स', म्हणजे तपासू नये अशा फाइली व फोल्डरांच्या यादीमध्ये संपूर्ण सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्सचे फोल्डर घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये; पहारेकऱ्याला मागच्या दाराकडे पाठ करून बसवण्याचाच तो प्रकार आहे. सेकंडहँड संगणक घेतला असेल, तर ही यादी मुद्दाम उघडून पाहावी, कारण क्रॅक चालावा म्हणून आधीच्या कोणी त्यात काय घालून ठेवले असेल, ते सांगता येत नाही.

विकतचा अँटिव्हायरस घ्यायचाच असेल, तर जाहिरातीतील 'सुपरफास्ट' या शब्दापेक्षा दोन प्रयोगशाळांचे अहवाल पाहावेत. ते संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, कामगिरी आणि वापरसुलभता या तीन सदरांत प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. यांपैकी 'कामगिरी' म्हणजे आपला वेगाचा प्रश्न, आणि 'वापरसुलभता' या सदरात अँटिव्हायरसने निर्दोष फाइलींना किती वेळा उगाच धोकादायक ठरवले, ते मोजले जाते. १८ पैकी १७ गुण पाहून समाधान मानू नये, गेलेला एक गुण कोणत्या सदरातला आहे ते पाहावे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थेचा वेगाचा अहवाल याहून तपशीलवार असतो. फाइलींची नक्कल, झिप करणे व उलगडणे, सॉफ्टवेअर बसवणे, प्रोग्रॅम उघडणे, डाउनलोड आणि संकेतस्थळे पाहणे या कामांना त्यात वेगवेगळी श्रेणी दिलेली असते, आणि नक्कल व प्रोग्रॅम उघडणे यांसाठी पहिली खेप व नंतरच्या खेपा वेगळ्या दाखवलेल्या असतात. दिवसभर ब्राउझरमध्येच काम करणाऱ्याने झिपच्या रकान्यातील खराब श्रेणीची फिकीर करण्याचे कारण नाही. छायाचित्रांचा किंवा व्हिडिओ संपादनाचा व्यवसाय घरातून करणाऱ्याने मात्र नक्कल आणि झिप हे रकाने आधी वाचावेत. अलीकडच्या वर्षांत ही चाचणी साध्या क्षमतेच्या संगणकावर, पण एसएसडी बसवून होत आलेली आहे, म्हणून हार्ड डिस्क असलेल्या वाचकाने त्यातील लहान फरकही मोठा समजावा. एकाच अहवालावर न विसंबता लागोपाठचे दोन-तीन अहवाल पाहावेत, कारण एखादी नवी आवृत्ती आली की क्रम बदलतो.

नावांचा घोळही समजून घ्यावा. दुकानात नॉर्टन, एव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा अशी चार खोकी शेजारीशेजारी दिसली, तरी ती चारही नावे आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. बिटडिफेंडर रोमानियाचा आणि ईसेट स्लोव्हाकियाचा. आपल्याकडे पुण्याचा क्विक हील, मुंबईचा ईस्कॅन आणि चेन्नईचा के सेव्हन ही नावे जुनी आहेत. यांपैकी के सेव्हनला वर उल्लेखिलेल्या ऑस्ट्रियन वेगचाचण्यांत वरची श्रेणी वेळोवेळी मिळालेली आहे. कॅस्परस्की भारतात मिळतो, पण अमेरिकेत त्याच्या विक्रीवर २०२४ मध्ये बंदी आली आणि २९ सप्टेंबर २०२४ नंतर तेथील ग्राहकांसाठीचे अपडेट थांबले, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मुलांनी इकडून परवाना घेऊन जाण्यात अर्थ नाही.

एकाच कंपनीच्या दोन खोक्यांतही वेगाचा फरक असू शकतो. 'टोटल सिक्युरिटी' किंवा 'प्रीमियम' या नावाच्या खोक्यात अँटिव्हायरसबरोबर व्हीपीएन (इंटरनेटवरील ये-जा झाकणारी सोय), पासवर्ड मॅनेजर, ब्राउझरला जोडले जाणारे एक्स्टेन्शन, मुलांवर लक्ष ठेवणारी सोय, ड्रायव्हर अपडेटर आणि संगणक 'ट्यून-अप' करणारा भाग असतो, आणि यांतील बरेच भाग संगणकाबरोबर सुरू होऊन पाठीमागे चालत राहतात. २०२१ मध्ये तर नॉर्टनने आपल्या संचात ग्राहकाच्या संगणकावर क्रिप्टो चलनाचे खनन करण्याची, म्हणजे संगणकाला सतत आकडेमोड करायला लावून ते चलन मिळवण्याची, सोयही घातली होती. ती ग्राहकाने स्वतः चालू करावी लागे, एवढेच. म्हणून साध्या 'अँटिव्हायरस' या नावाची सर्वांत लहान आवृत्ती घ्यावी, ती बसवताना 'कस्टम' हा पर्याय निवडावा आणि न लागणारे भाग तेथेच वगळावेत. संगणक मंद झाल्याचे सांगून त्यावरचे औषधही विकणारा ट्यून-अप तर अजिबात घेऊ नये.

मोफत आवृत्त्या वाईट असतात असे नाही, पण त्यांची किंमत कोणत्या नाण्यात वसूल होते, ते पाहावे. सतत उसळणाऱ्या जाहिराती हे एक नाणे. दुसरे याहून गंभीर आहे. एव्हास्टने गोळा केलेली वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात होती. २०२० मध्ये हे उघड झाल्यावर ती उपकंपनी बंद करण्यात आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने या प्रकरणी एव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास सांगितले.

संगणकात विंडोज १० असेल, तर आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. त्याचा सर्वसाधारण आधार (सपोर्ट), म्हणजे त्याला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरच्या व्हायरसखुणा त्यावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितलेले आहे. परंतु विंडोजमध्येच सापडणाऱ्या भगदाडांना ठिगळ लावणे हे कोणत्याही अँटिव्हायरसचे काम नव्हे, त्यामुळे तेथे महागडा संच घालून जडपणा तेवढा वाढतो.

कधीकधी मंदपणाचे कारण आत शिरलेला व्हायरसच असतो. अशी शंका आल्यास केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरून सफाईचे साधन विनामूल्य उतरवता येते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रासाठी वर सांगितलेल्या तिन्ही भारतीय कंपन्यांनी अशी साधने दिलेली आहेत.

निवड झाल्यावर जुना अँटिव्हायरस आधी काढावा. 'अनइन्स्टॉल' केल्यानंतरही काहींचे अवशेष मागे राहतात. त्यासाठी त्या-त्या कंपनीच्या संकेतस्थळावर काढून टाकण्याचे खास साधन असते, ते चालवून संगणक रीस्टार्ट करावा. नवा अँटिव्हायरस कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा, लगेच अपडेट करावा आणि पहिले पूर्ण स्कॅन रात्री, चार्जर लावून चालू द्यावे. हलका वाटणारा अँटिव्हायरस खरोखर जागा आहे की झोपला आहे, हे पाहण्यासाठी आयकार ही चाचणी-फाइल वापरावी. ती केवळ ६८ अक्षरांची आणि पूर्णपणे निरुपद्रवी असते, पण अँटिव्हायरसनी ती पकडावी असा संकेत आहे. तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवताच इशारा आला नाही, तर मांडणीत काहीतरी चुकलेले आहे.

पैसे देण्यापूर्वी चाचणीची मुदत पुरेपूर वापरावी. मुदत ३० दिवसांची असेल, तर पंचविसाव्या दिवसाची खूण कॅलेंडरवर करून त्या दिवशी तीच तीन कामे पुन्हा मोजावीत. फरक दोन-चार सेकंदांचा असेल, तर तो सोसावा. छायाचित्रांच्या नकलेला दीडपट वेळ लागत असेल, तर चाचणी आवृत्ती काढून दुसरी आजमावावी. पहिल्या वर्षाची सवलत आणि दुसऱ्या वर्षाची किंमत यांत मोठी तफावत असू शकते, म्हणून कार्डावरून होणारे आपोआप नूतनीकरण खरेदीच्याच दिवशी बंद करावे. ते राहून गेले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापले जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना येते; ती आली की मोजणीचा कागद पुन्हा काढावा आणि पैसे कापू द्यायचे की नाही, ते त्यावरून ठरवावे.