जुनं जेट विमानाचं किट जोडताय? या चुका टाळा

माळ्यावर सापडलेलं, कुणा मामांनी परदेशातून आणून दिलेलं किंवा चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर घासाघीस करून मिळवलेलं लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं जुनं किट हातात आलं, की पहिला मोह होतो गोंदाची ट्यूब उघडायचा. तो आवरा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या किटमध्ये जे बिघडतं, ते बहुतेक गोंद लागण्याआधीच बिघडलेलं असतं. दुरुस्तही तेव्हाच करता येतं. एकदा सांधा चिकटला की मग फक्त झाकपाक उरते.

खोक्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवणं

आधी हातात नेमकं कोणतं विमान आहे ते पाहा. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर एकट्याने लढलेल्या फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचं नॅट हे छोटं लढाऊ विमान बनवायची अनेकांची इच्छा असते, आणि ती रास्तच आहे. पण एअरफिक्सचं 1/72 मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) जुनं नॅट हे दोन आसनांचं प्रशिक्षण विमान आहे, ब्रिटनच्या रेड अ‍ॅरोज पथकाने वापरलेलं. सेखोंचं नॅट एका आसनाचं होतं. नुसती तिरंगी वर्तुळं चिकटवून एकाचं दुसरं होत नाही.

मिग-21चंही तसंच. आपल्या ओझरच्या एचएएल कारखान्यात आधी त्याचा एफएल हा प्रकार बनला आणि पुढे बिस. एफएलची पाठ सडपातळ आणि अंगात तोफ नाही. बिसची पाठ जाड आणि पोटात जुळ्या नळीची 23 मिमीची तोफ. खोक्यात कोणतं आहे हे आधी ठरवा आणि क्रमांक, रंग त्याप्रमाणे शोधा.

न धुता, न मोजता सुरुवात करणं

साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर जुन्या प्लास्टिकवर तसाच राहिलेला असतो. त्यावर रंग धरत नाही आणि मास्किंग टेप काढताना सालपटासारखा निघून येतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, जुन्या टूथब्रशने हलकेच घासा आणि भाग पंख्याखाली वाळू द्या. सिंकवर धुणार असाल तर खाली गाळणी ठेवा. सुटे झालेले बारीक भाग मोरीत गेले की परत मिळत नाहीत, आणि या किटचे सुटे भाग आज कोणी विकत नाही.

खोक्यातली मूळ गोंदाची ट्यूब फुटून एखाद्या भागावर सांडली आहे का, तेही बघा. तसं झालं असेल तर तिथलं प्लास्टिक वितळून सुरकुतलेलं असतं. तो भाग आधीच घासून, भरून घ्या.

माळ्यावर वर्षानुवर्षं वजनाखाली राहिलेले पंख वाकतात. ते हाताने उलटे वाकवले तर तडकतात. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून हळूहळू सरळ करा आणि तसंच धरून गार पाण्यात टाका. पाणी उकळतं नको. हे प्लास्टिक 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पंखाची पातळ मागची कड सगळ्यात आधी लाटेसारखी होते.

नाकात वजन न टाकणं

जेट किटची ही सर्वांत नेहमीची चूक. विमान पूर्ण होतं, रंगतं, चाकांवर उभं केलं की शेपटीवर बसतं. लढाऊ जेटचं इंजिन आणि शेपूट मागे, मुख्य चाकं पंखाखाली. प्लास्टिकचं सगळं वजन मागे झुकतं. धड बंद केल्यावर आत काही टाकायला वाट नसते.

म्हणून धडाचे दोन्ही अर्धे, पंख आणि शेपूट टेपने तात्पुरते बांधा. मुख्य चाकं जिथे येणार तिथे खाली पेन्सिल आडवी धरा आणि नाकावर थोडंथोडं वजन ठेवत जा. नाक खाली गेलं की त्याहून थोडं जास्त आत बसवा, कारण मागच्या बाजूला अजून रंग आणि डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, क्रमांक) चढायचे आहेत. मिगच्या नाकातला शंकू पोकळ असतो, ती जागा आधी वापरा. वजन जितकं पुढे तितकं कमी लागतं.

वजनासाठी कोळ्यांच्या जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं उत्तम. पण ती फेव्हिकॉलने बसवू नका. अशा पांढऱ्या गोंदातल्या आम्लामुळे बंद धडात शिसं हळूहळू गंजतं, पांढरी भुकटी धरून फुगतं आणि काही वर्षांनी सांधा आतून फाटतो. अ‍ॅराल्डाइटसारखा दोन ट्यूबचा गोंद वापरा. शिसं हाताळल्यावर हात धुवा आणि ते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

चुकीचा गोंद, चुकीचा थिनर

किटचा खरा गोंद प्लास्टिक विरघळवून जोडतो, म्हणून तो मूळ सांध्याला. फेव्हिक्विक धातूला किंवा घाईच्या जागी ठीक, पण कॅनॉपीजवळ, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाजवळ, नकोच. त्याची वाफ काचेवर पांढरट धुकं धरते आणि मुंबईच्या दमट हवेत जास्तच. कॅनॉपीला मात्र फेव्हिकॉल; वाळल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या फडक्याने निघतो.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर हे प्लास्टिक खातात. गाड्यांचा स्प्रे प्रायमर वापरायचा असेल तर आधी भाग ज्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्या तुकड्यावर मारून पाहा. पृष्ठभाग भेगाळला तर तो डबा बाजूला ठेवा.

फटी भरायला एम-सील चालतं. गॅरेजवाल्यांची लांबी (पुट्टी) वापरलीत तर पातळ थर द्या आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. जाड थर वरून कोरडा दिसतो, आत ओला राहतो आणि रंग दिल्यावर खचतो.

उठावाच्या रेषा घासून टाकणं

जुन्या किटवर पत्र्यांचे सांधे बारीक उठावाच्या रेषांनी दाखवलेले असतात. धडाचा सांधा घासताना त्या मधोमध नाहीशा होतात आणि विमानाच्या पाठीवर टकलासारखा पट्टा दिसतो. यावर एकच निर्णय घ्या आणि पूर्ण विमानाला लावा: एक तर सांध्यालगत दोन्ही बाजूंना टेप लावून मधलीच पट्टी घासायची आणि रेषा जपायच्या, किंवा सगळ्या घासून सुईने नव्याने खोल रेषा कोरायच्या. अर्धं हे, अर्धं ते केलं तर लांबूनही खटकतं. माझं मत विचाराल तर 1/72 मापात रेषा जपाव्यात. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमधलं मरुत हे लढाऊ जेट जवळून पाहून या. खऱ्या जेटवर पत्र्यांच्या फटी किती नाजूक असतात ते दिसेल, आणि मग खोल कोरायचा हात आपोआप आवरतो.

डिकल सरळ पाण्यात टाकणं

इथे सगळ्यात जास्त किटं फसतात. जुना डिकलचा कागद बघायला धडधाकट वाटतो, पण पाण्यात पडला की त्याचे तुकडे होतात. आधी न लागणारा एखादा क्रमांक कापून कोमट पाण्यात टाका. कडक, सुटायला वेळ लागला, पण अखंड राहिला तर काम चालेल. फुटला तर थांबा. उरलेल्या पूर्ण कागदावर चकचकीत क्लिअर लॅकरचे दोन पातळ हात द्या आणि एक दिवस वाळू द्या. आता सगळ्या कागदावर एकच सलग पापुद्रा झालेला असतो, म्हणून प्रत्येक डिकल अगदी कडेने कापावा लागतो.

पिवळे पडलेले डिकल उन्हाने उजळतात. कागद प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. काही दिवसांपासून काही आठवडेही लागतात. हे दिवाळी ते मे या काळात करा. जूननंतर ऊन नसतं आणि पिशवीत अडकलेल्या दमटपणाने डिकलचा गोंद कागदावरच सुटू लागतो.

मॅट रंगावर डिकल लावला की त्याच्याखाली हवा अडकून चंदेरी झाक दिसते. आधी चकचकीत थर, मग डिकल. जुना गोंद मेला असेल तर पाण्यात विरघळवलेल्या फेव्हिकॉलचा एक थेंब खाली सोडा, ओल्या ब्रशने मधून कडेकडे दाबत जा. तिरंगी वर्तुळात केशरी बाहेर, हिरवा आत. दोन तुकड्यांचे डिकल असतील तर हे क्रम चुकू देऊ नका.

पावसाळ्यात शेवटचा हात मारणं

लॅकरचा थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि काळ्या-हिरव्या विमानावर दुधाळ थर चढतो. पाऊस पडत असताना स्प्रे मारूच नका. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर कॉम्प्रेसरला पाण्याचा ट्रॅप हवाच, नाहीतर भर फवारणीत पाण्याचा थेंब रंगावर येतो. ब्रशने दिलेले इनॅमलही जुलैत वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतात; बोटाला चिकटत नाही एवढ्यावर मास्किंग टेप लावू नका.

दुधाळपणा आलाच तर घासायला धावू नका, खालचे डिकल जातील. विमान सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, कोरडा दिवस पाहा आणि त्याच लॅकरचा चकचकीत, पातळ पण ओलसर हात द्या. अडकलेलं बाष्प बहुतेक वेळा त्यात निघून जातं आणि खालचा रंग परत दिसतो. मॅटचा हात त्यानंतर, दुसऱ्या कोरड्या दिवशी.