मानेच्या गाठीत सुई घालण्याआधी

जबड्याच्या कोपऱ्याखाली गाठ घेऊन कोणी आलं की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा. अनेकदा तो खराही ठरतो. कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून मीही आधी तोच धरते. पण कॅरोटिड बॉडी ट्यूमर नावाची एक दुर्मिळ गाठ डोक्यात असलीच पाहिजे, कारण तपासणीसाठी तिच्यात सुई घातली तर भळाभळा रक्त जाऊ शकतं. मेंदूकडे जाणारी धमनी मानेत जिथे दुभंगते, त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा पुंजका असतो. रक्तातला प्राणवायू घटला की मेंदूला तो कळवतो. ही गाठ त्याचीच; सहसा साधी, न दुखणारी, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारी.

एका शिक्षिकाबाईंना निदान पक्कं न करताच सहा महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या होत्या. गाठ तशीच. मी त्यांना मान त्याच बाजूला किंचित झुकवायला लावली, म्हणजे वरचा स्नायू सैल पडतो. गाठ अंगठा आणि तर्जनीत धरली. पुढे-मागे सरकली, वर-खाली मात्र तसूभरही हलेना. मग त्यांचंच बोट गाठीवर ठेवलं. "अगं बाई, हे तर उडतंय!"

उडते म्हणून निदान झालं असं समजू नका. धमनीवर बसलेली क्षयाची गाठही उडते. म्हणून आधी रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी, मग रक्तवाहिन्यांचं चित्र काढणारी सीटी अँजिओग्राफी. धमनीच्या दोन फांद्या गाठीने फाकवलेल्या दिसल्या की सुईची गरजच उरत नाही. दुसरी बाजूही बघा. धडधड, दरदरून घाम, अचानक चढणारा रक्तदाब विचारा आणि मेटानेफ्रिनची, म्हणजे अ‍ॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या पदार्थाची, तपासणी करून घ्या. काही गाठी संप्रेरकं सोडतात आणि भूल देणाऱ्याला ते आधी कळायलाच हवं.

गाठ धमनीला किती वेढून बसली आहे, यावर शाम्बलिन या डॉक्टरांनी 1971 साली तीन श्रेणी पाडल्या. पहिली सहज सुटते. तिसरीत धमनी कापून जोडावी लागू शकते, म्हणून रक्तवाहिन्यांचे सर्जन सोबत हवेत. मोठ्या गाठीचा रक्तपुरवठा एक-दोन दिवस आधी आतून बंद करतात. आवाज, गिळणं, जिभेची हालचाल यांच्या नसा तिथेच असतात, हे रुग्णाला सहीआधी सांगा. वय झालेलं असेल, गाठ लहान असेल, तर ठरावीक काळाने तपासत राहणंही योग्य. रेडिएशनने वाढ रोखता येते. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर एकाच वेळी कधीच काढू नयेत, रक्तदाब ताब्यात राहत नाही.

शस्त्रक्रियेनंतर बाईंची जीभ तीन महिने एका बाजूला वळायची. जेवताना पहिल्या घासाला जबड्यात कळ यायची, पुढच्या घासांना कमी व्हायची. यालाच फर्स्ट बाइट सिंड्रोम म्हणतात, घाबरू नये.

यातल्या बऱ्याच गाठी आनुवंशिक असतात. एसडीएचडी या जनुकातला दोष वडिलांकडून आला तर गाठ होऊ शकते, आईकडून आला तर सहसा होत नाही. म्हणून बाईंना म्हटलं, धाकट्या भावाला घेऊन या. त्याला काहीच त्रास नव्हता. डॉपलरमध्ये डाव्या बाजूला वाटाण्याएवढी निघाली.