बाप-लेक आणि जुनी गाडी : या चुका टाळा

जुनी गाडी दारात येते तेव्हा दोघांचाही उत्साह उतू जात असतो. पहिल्या रविवारी चाकं निघतात, दुसऱ्या रविवारी सीट, तिसऱ्या रविवारी डॅशबोर्ड. तीन-चार महिन्यांनी पाहावं तर गाडीचा सांगाडा एका कोपऱ्यात, सुट्या भागांची खोकी दुसऱ्या कोपऱ्यात, मुलगा ‘आज अभ्यास आहे’ म्हणून घरात, आणि बाप एकटाच गंज घासत बसलेला. अशा वेळी बाप इंजिनात दोष शोधतो. मी म्हणेन, आधी कामाची वाटणी तपासा.

हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलं आहे. मी शाळेत असताना बाबांबरोबर 1965 सालची फोक्सवॅगन बीटल दुरुस्त करून चालती केली. मधली बरीच वर्षं ती पुन्हा पडून राहिली, आणि आता माझ्या चौदा वर्षांच्या मुलाबरोबर तीच गाडी दुसऱ्यांदा उघडली आहे. बाबांच्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतल्या बऱ्याच मीही केल्या.

मुलाच्या हातात कायम टॉर्च

त्या पहिल्या वर्षातली मला टॉर्चच आठवते. ‘नीट धर.’ ‘इकडे नको, तिकडे.’ ‘हलवू नकोस रे.’ बाबा गाडीखाली, मी बाहेर उकिडवा. मला आतलं काहीच दिसत नसे, हात मात्र भरून येत. वर्षभरात पुष्कळ काम झालं, पण ‘हे मी केलं’ म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

उपाय साधा आहे. पत्र्याला चुंबकाने चिकटणारा दिवा आणि डोक्याला बांधायचे दोन दिवे आणा. टॉर्च धरायचं काम संपलं की मुलाचे दोन्ही हात मोकळे होतात, आणि मग त्या हातांना काम द्यावंच लागतं.

‘दे इकडे’

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच. मुलगा बोल्टशी झगडत असतो, पाना घसरतो, दहा मिनिटं जातात, आणि बाप म्हणतो, ‘दे इकडे, मी करतो.’ बोल्ट अर्ध्या मिनिटात निघतो. असं चार-पाच वेळा झालं की मुलगा स्वतःहून पाना उचलत नाही.

बापाची भीती खोटी नसते. बीटलच्या इंजिनाची सिलिंडर हेड अॅल्युमिनियमची आहेत. स्पार्क प्लग जरा तिरका बसवून पान्याने रेटला की आटे गेलेच. मी नेमकं हेच केलं होतं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी रबरी नळीचा वीतभर तुकडा कापला, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवला आणि म्हणाले, ‘आता नळी फिरव.’ प्लग सरळ असेल तर नळीबरोबर आत फिरत जातो. तिरका लागला तर नळीच त्याच्यावर घसरते, आट्यांना धक्का लागत नाही. खराब झालेल्या भोकात पुढे स्टीलचे नवे आटे बसवून घ्यावे लागले. त्या दिवसानंतर मात्र गाडीतला एकही प्लग बाबांनी स्वतः लावला नाही.

म्हणून काम वाटताना एकच प्रश्न विचारा : चूक झाली तर काय जाईल? कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडताना गॅस्केट, म्हणजे जोडातली पातळ चकती, फाटलं तर नवं मिळतं. डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाचे, पॉइंट चुकीच्या फटीवर बसले तर गाडी चालू होणार नाही, एवढंच. अशी कामं मुलाला पूर्ण द्या, आणि पूर्ण म्हणजे उघडणं, साफ करणं, सुट्या भागांची यादी, जोडणी, सेटिंग, सगळं. त्या कामापुरता बाप हेल्पर. मुलाने मागितला तो पाना द्यायचा, विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. हे फार अवघड जातं. मला अजूनही जातं.

वाल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे वाल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली बारीक फट, तपासणं तर मुलानेच करावं असं काम आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी घ्यावी. नंतरच्या बहुतेक बीटलना ही फट 0.15 मिलिमीटर ठेवतात, जुन्यांचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून आपल्या इंजिनाची पुस्तिका आधी मुलाला वाचू द्या. फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचं माप) पट्टी किंचित अडकत सरकली की फट बरोबर. ते ‘किंचित’ बोटांनाच कळतं, आणि कोवळ्या बोटांना ते चटकन कळतं. इंजिन हाताने फिरवायला पुलीच्या बोल्टला 30 चा पाना लागतो. तो बापाने फिरवावा, ‘थांबा!’ मुलाने म्हणावं.

सगळी गाडी एकदम उघडणं

उघडणं सोपं असतं म्हणून सगळे उघडत सुटतात. महिनाभराने कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही, आणि दोष एकमेकांवर जातो. एका वेळी एकच भाग उघडा आणि तो परत बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. उघडण्याआधी फोटो काढा. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवून वर चिठ्ठी लावा, वायर काढण्याआधी दोन्ही टोकांना एकच नंबर द्या.

आणखी एक. दोन महिन्यांत हाताला काहीतरी चालू झालेलं लागायला हवं. हॉर्न वाजला, वायपर फिरला, एवढंही पुरतं. मोठ्यांना चार वर्षं वाट पाहण्याची सवय असते. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला चार वर्षं म्हणजे त्याच्या आयुष्याचा केवढा तरी तुकडा.

इंजिन लगेच चालू करून बघणं

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून स्टार्टर मारू नका. सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडा, काही दिवस थांबा, मग हाताने हळूहळू फिरवा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल, पुन्हा थांबणं. दरम्यान जुनं इंजिन ऑइल बदला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या घाला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला खातं, आणि बीटलमध्ये नळी गळली तर पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर पडतं. गाड्या अशाने जळलेल्या आहेत.

गंजावर पुट्टी

चुंबक मुलाच्या हातात द्या आणि पत्र्यावरून फिरवायला सांगा. जिथे चिकटत नाही तिथे आधीच्या मालकाने पुट्टी भरली आहे. खडूने खुणा करा. त्या सगळ्या जागा उघडून, गंज कापून, नवा पत्रा लावायचा आहे. वरून घासून रंग मारला तर फुगे पुन्हा येतातच.

बीटलच्या दोन्ही दारांखाली पोकळ पट्ट्या असतात. त्यांतून केबिनला गरम हवा जाते, आणि बॉडीची ताकदही त्यांच्यातच असते. त्या कापण्याआधी दाराच्या चौकटीत आतून लोखंडी आडवे बार वेल्ड करून घ्या. आम्ही पहिल्या वेळी ते केलं नाही. बॉडी वाकली, आणि डावं दार पुढे कधीच नीट लागलं नाही.

इथे तडजोड नाही

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. स्टँड लावायचे, गाडी हलवून बघायची, मग खाली शिरायचं.

जुन्या ब्रेक शू आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि मुलांच्या शरीराला ते मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं. कोरडं घासू नका, पाणी वापरा, दोघांनीही मास्क लावा. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. हे मुलाला नुसतं ‘हात लावू नको’ म्हणून सांगू नका, कारण समजावून सांगा. कारण कळलं की तोच बापाला अडवतो. माझ्या मुलाने मला दोनदा अडवलं आहे.

ब्रेक

1965 च्या बीटलला ब्रेकचं एकच सर्किट आहे. एका चाकाशी गळती झाली तरी पेडल जमिनीला टेकतं. त्यामुळे हे काम बापाचं, आणि झाल्यावर जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यायचं. मुलाने पेडल दाबावं, बापाने चाकाशी ब्रेक ऑइलमधली हवा काढावी. डॉट 3 किंवा 4 जातीच्या ब्रेक ऑइलमध्ये सिलिकॉनचं डॉट 5 मिसळू नका. 5.1 हे मात्र 4 च्याच जातीचं आहे, नावावरून फसायला होतं. नव्या रंगावर ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलला जातो.

टायर वरून कितीही चांगले दिसोत, बाजूवरचे चार आकडे वाचा. 2314 म्हणजे 2014 सालचा 23 वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा आहे, काढून टाका.

दिवे मंद, आणि गाडी चालून बंद

आमच्या गाडीला 6 व्होल्टची बॅटरी आहे. तेवढ्याच वॅटच्या बल्बला 12 व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून जोडावरचा थोडासा गंजही दिवा मंद करतो. दिवे मंद असतील तर बॅटरी बदलण्याआधी अर्थचे, म्हणजे वायरींचे बॉडीला लावलेले, सगळे जोड पत्रा चमकेपर्यंत घासा.

दुसरा त्रास असा होता की गाडी झकास चालू व्हायची आणि दहा-बारा मिनिटांनी गुदमरून बंद पडायची. थोड्या वेळाने पुन्हा चालू. मी ठिणगीच्या जोडणीतला कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, कारण गरम झाल्यावर या दोन्ही गोष्टी दगा देतात. फरक पडला नाही. मुलगा त्याच्या वहीत प्रत्येक वेळची मिनिटं लिहीत होता. तो म्हणाला, ‘बाबा, पुढच्या वेळी बंद पडली की टाकीचं झाकण सैल करून बघू?’ मला ‘राहू दे, ते नसणार’ म्हणावंसं वाटलं होतं. अकराव्या मिनिटाला गाडी बंद पडली, त्याने झाकण फिरवलं आणि आत हवा ओढल्याचा सूंऽऽ आवाज आला. टाकीत हवा जायची वाट बुजली होती, त्यामुळे पंप पेट्रोल ओढू शकत नव्हता. बारीक तार घालून ती त्यानेच मोकळी केली. मी दिवा धरला.