लोकलमधली हडळ: तरुण वाचकांसाठी भूत-शिकाऱ्यांची कादंबरी कशी लिहावी

काळा चामड्याचा कोट, हातात चांदीचं पातं, मानेवर गोंदलेली खूण आणि न्यूयॉर्कच्या पावसात उभा असलेला देखणा शिकारी. इंग्रजीत या धाटणीची भूत-शिकाऱ्यांची कादंबरी बरीच वर्षं जोरात चालली आहे आणि आपल्याकडची कॉलेजातली पोरं ती झपाटल्यासारखी वाचतात. मग त्यातल्या एखाद्याला वाटतं, हे मराठीत का असू नये? तो लिहायला बसतो. नायकाचं नाव आर्यन ठेवतो, न्यूयॉर्कच्या जागी मुंबई घालतो आणि तिसऱ्या प्रकरणात गाडी अडते. जून महिन्यात दादरच्या पुलावर चामड्याचा कोट घालून माणूस दहा पावलं चालत नाही, हे त्याला तिथे कळतं.

मीही तिथेच अडकलो होतो. त्यातून बाहेर पडताना जे हाताला लागलं ते पायरीपायरीने सांगतो. नियम म्हणून घेऊ नका. सोयीचं तेवढं उचला.

पायरी १: कथानक नंतर, आधी भुतं जमवा

एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक भुताला एक पान द्या आणि चार गोष्टी लिहा: तो माणूस मेला कसा, आता राहतो कुठे, त्याला काय हवंय आणि तो कशाला अडतो.

आपल्याकडे माल भरपूर आहे. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, तो पिंपळावरचा मुंजा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, तिचे पाय उलटे. विधवा मेली की लावसट. पाण्यात राहून नदी ओलांडणाऱ्याला भुलवतो तो गिऱ्हा. चकवा तर दिसतही नाही. तो नुसता वाट चुकवतो आणि माणूस रात्रभर त्याच झाडाला फेऱ्या मारत राहतो. कोकणात भरभराटीसाठी विकत आणतात म्हणे ती बायंगी. आणि ज्याची इच्छा अपुरी राहिली किंवा ज्याचे अंत्यविधीच झाले नाहीत, तो समंध.

घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर पहिला आठवडा त्यांच्याजवळ बसा. पुस्तकच हवं असेल तर एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित केलेला कोकणच्या लोकसमजुतींच्या टिपणांचा खंड शोधा. तो १९१५ मध्ये निघाला. त्यातली माहिती ए. एम. टी. जॅक्सनने जमवलेली. हा तोच नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरेंनी गोळी घातली. गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली ही टिपणं आहेत. कुठे कुणाला कशाची भीती वाटते ते त्यात गावाच्या नावासकट सापडतं. मला तर हे पुस्तक कथेसारखंच वाटलं.

वही भरली की ती एका बैठकीत सलग वाचून काढा. एक गोष्ट डोळ्यांत भरेल. खवीस हे मुसलमानाचं भूत. ब्रह्मराक्षस ब्राह्मणाचा. झोटिंग काही भागांत खारवी किंवा कोळ्याचं भूत मानतात. म्हणजे माणूस मेला, जळला, पुरला, तरी जात सुटली नाही. मेल्यावरही तो ज्याच्या त्याच्या आळीतच राहिला.

पायरी २: प्रेमकथा बाहेरून आणू नका

या प्रकारच्या कादंबरीत शिकार हा एक धागा असतो आणि मना केलेलं प्रेम हा दुसरा. बहुतेक नवे लेखक हे दोन वेगवेगळे विणतात. तीन प्रकरणं मारामारी, मग एक प्रकरण गच्चीवर चांदणं. मराठीत असं करायची गरजच नाही. वहीतली भुतं परत बघा. मुंजाचं लग्न राहिलं, हडळीचं मूल राहिलं, समंधाचा जीव कशात तरी अडकला. आपलं भूत म्हणजे मुळात कुणीतरी कुणाला तरी काहीतरी नाकारल्याची गोष्ट आहे. शिकारी आणि प्रेमी यांच्यासमोर प्रश्न एकच येतो: कुणी कुणाच्या घरात जायचं?

माझ्या खर्ड्यातलं उदाहरण देतो. तन्वी अठरा वर्षांची, वेंगुर्ल्याकडून आलेल्या आणि तीन पिढ्या लालबागच्या चाळीत राहणाऱ्या घराण्यातली. हे लोक भुतं बांधतात. भावेश एकोणीसचा, वरळी कोळीवाड्यातला. त्याच्या आजोबांची होडी परत आली नाही, देह सापडला नाही. आजोबा आता जेट्टीवर उभे असतात. ते बांधायचं काम तन्वीच्या घराकडे आलंय.

घराण्याचा नियम मी एकच ठेवला: ज्याच्या घरचं भूत बांधायचं, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. नियम भुताचा म्हणून सांगितला जातो. तो खरा कुठून आला हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

तो प्रसंग असा लिहिला:

"भावेशच्या आईने पेला पुढे केला. स्टीलचा, काठाखाली आजोबांचं नाव कोरलेला. तन्वीने तो घेतला आणि नुसता धरून ठेवला. बाहेर जाळ्यांवरची ताडपत्री फडफडत होती. 'खारं नाय गं आमचं पाणी,' आई हसून म्हणाली. तन्वीने पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. रात्री चाळीच्या गॅलरीत आजी जागीच होती. 'खंय होतंस गो इतको वेळ?' तिने विचारलं. मग नातीच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचं काही विचारलं नाही."

यात चुंबन नाही, हातात हात नाही. तरी यापुढे दोघांना मागे फिरता येणार नाही. तुमच्या कादंबरीत अशी एक कृती शोधा, जी बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल आणि घरच्यांना अक्षम्य.

एक इशारा. मुंजा नायक करण्याचा मोह होतो, पिंपळावरचा उदास तरुण वगैरे. नका करू. मुंज होऊन गेलेला तो मुलगा आठ-दहा वर्षांचा असतो. त्याला मोठ्या भावाची किंवा बहिणीची माया द्या, प्रेयसी नको.

पायरी ३: शिकाऱ्यांना काम द्या, गणवेश नको

परदेशी कादंबऱ्यांत शिकाऱ्यांची गुप्त संस्था असते, किल्ला असतो, शस्त्रागार असतं. आपल्याकडे त्यापेक्षा चांगलं काही तयार पडलंय. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात आणि केळ्यांचे घड देतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. गोव्यातही वेताळ ग्रामदेव आहे. भुतांचा राजाच भुतांपासून गाव राखतो, ही कल्पना कुठल्याही काळ्या कोटापेक्षा जबरदस्त आहे. माझ्या शिकाऱ्यांचं हत्यार म्हणजे अशी झिजलेली चपलांची एक जोडी. ती तन्वीच्या पायाला फार मोठी होते आणि पळताना निघते.

मंत्र संस्कृतात लिहू नका, लॅटिन तर मुळीच नको. कोकणातलं गाऱ्हाणं घ्या. एकजण देवापुढे हकीकत मांडतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. यात सोय अशी की एकटा माणूस गाऱ्हाणं पुरं करू शकत नाही, "व्हय" म्हणायला दुसरं कुणीतरी लागतं. घरच्यांनी तन्वीशी बोलणं टाकल्यावर तिला "व्हय" कोण म्हणणार? इथे माझं कथानक आपोआप पुढे सरकलं.

आता गुप्ततेचं कारण. इतर कादंबऱ्यांत "सामान्य लोकांना हे कळता कामा नये" एवढंच सांगून भागवतात. महाराष्ट्रात खरं कारण आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, इथे जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तुमच्या शिकाऱ्यांना हे माहीत असलं पाहिजे. त्यांच्यातल्या एखाद्या तरुणाला हा कायदा मनापासून पटलेलाही असू द्या.

आणि लेखक म्हणून तुम्हीही त्याच बाजूला राहा. जिवंत माणसाच्या अंगात भूत शिरलं आणि मारून बरं झालं, असा प्रसंग लिहू नका. डाकीण ठरवून आदिवासी बायकांचे जीव गेलेले आहेत. त्यामुळे पाड्यावरची म्हातारी ही तुमची खलनायिका होता कामा नये. माझ्या पुस्तकात नियम सरळ आहे. भूत कधीच कुणाच्या अंगात येत नाही. ते समोर उभं राहतं आणि काहीतरी मागतं.

पायरी ४: शहर चालून बघा

मुंबई या कामाला जन्मजात लायक आहे. मुंबादेवीची आख्यायिका घ्या. मुंबारक नावाच्या दैत्याने उच्छाद मांडला, देवीने त्याला लोळवलं, आणि शरण येताना त्याने मागितलं की तुझ्या नावात माझं नाव राहू दे. भाषेचे अभ्यासक नावाचा उगम वेगळा सांगतील, सांगू देत. कादंबरीकाराला ही गोष्ट आयती मिळाली आहे: शहराच्या नावात शिकारी आणि शिकार एकत्र नांदतायत.

जागा निवडताना तिथलं रोजचं काम बघा. रात्री साधारण एक ते चार लोकल बंद असते. ते तीन तास कुणाचे? रविवारी मेगाब्लॉक का घेतात, याचं तुमचं खासगी उत्तर तयार ठेवा. चकवा जंगलातून उचला आणि दादरच्या पुलावर ठेवा. मोबाईलमधला नकाशा "सरळ जा" म्हणतोय आणि तुम्ही पाचव्यांदा त्याच फुलवालीसमोर. चकव्यावर जुना उपाय म्हणजे उजाडेपर्यंत एका जागी बसून राहायचं. सकाळच्या गर्दीत दादरच्या पुलावर बसून दाखवा.

भुतांनाही घर लागतं आणि या शहरात घराचा प्रश्न सगळ्यांनाच आहे. चाळीच्या भिंतीत उगवलेला पिंपळ, चाळ पुनर्विकासाला गेलेली, झाडाच्या बुंध्यावर वृक्ष प्राधिकरणाची नोटीस चिकटवलेली. ती नोटीस मुंजा वाचतोय. मुंज झालेली, म्हणजे अक्षर ओळख आहेच.

पायरी ५: पंचांग भिंतीला लावा

कालावधी ठरवताना इंग्रजी महिने आणि तिथी दोन्ही जवळ ठेवा. माझी गोष्ट १ जूनला सुरू होते, कारण ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्याला आणि भावेश रिकामा. आषाढी अमावस्येला शिकाऱ्यांची कडक रात्र, पण बाकी शहर गटारीत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. शेवट भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावस्येला, त्या दिवशी आजोबांना काय हवंय ते कळतं.

नायक-नायिकेच्या लग्नाचा विचार करत असाल तर आणखी एक तपशील. विशेष विवाह कायद्याखाली मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण हवी, आणि नोटीस ३० दिवस कचेरीत लावलेली राहते. एकोणीस वर्षांच्या भावेशला हा रस्ता बंद. पण तन्वीच्या मोठ्या चुलतभावाची नोटीस तिथल्या फळ्यावर लागली आणि ती नको त्याने वाचली, यावर एक अख्खं उपकथानक उभं राहिलं.

पायरी ६: बोलणं

निवेदन प्रमाण मराठीत चालेल. संवाद मात्र ज्याच्या त्याच्या तोंडचे हवेत. पोरं आपसात "अरे यार, सीन काय आहे" म्हणतील, आजी मालवणीत बोलेल, कोळीवाड्यातली आई तिच्या बोलीत. ती बोली येत नसेल तर ती बोलणाऱ्या माणसाला दाखवा, चहा पाजा, चुका काढून घ्या. अर्धवट बोलीपेक्षा साधं मराठी परवडलं. मोबाईलवरचे मेसेज छोटे ठेवा. भूत मेसेज करत नाही, एवढा एक नियम पाळलात तरी बरीच भीती टिकते.

पायरी ७: लांबी आणि पाठवणं

पन्नास-साठ हजार शब्द पुरे. पहिल्या खर्ड्यात भुतं तीनपेक्षा जास्त नकोत, बाकीची वहीत राहू देत. संपूर्ण कादंबरी पाठवण्याआधी त्यातला एक तुकडा स्वतंत्र कथा म्हणून दिवाळी अंकाला द्या. अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, त्यामुळे ऑक्टोबरात पाठवलेली कथा पुढच्या वर्षाची. माझी एका संपादकांनी "बालसाहित्य विभागाकडे पाठवा" म्हणून परत केली होती. तरुण वाचक नावाचा कप्पा मराठीत अजून नीट झालेला नाही, हे धरून चाला आणि सोबतच्या पत्रात वयोगट स्पष्ट लिहा.

पायरी ८: मोठ्याने वाचून दाखवा

दोघांना वाचून दाखवा. एक सतरा-अठरा वर्षांचं पोर, जे कंटाळलं की लगेच मोबाईल काढतं. दुसरं, भुतांवर खरोखर विश्वास असलेलं कुणीतरी म्हातारं माणूस. पहिला वेग तपासतो, दुसरा तर्क.

मी आमच्या शेजारच्या आजींना लोकलमधल्या हडळीचं प्रकरण वाचून दाखवलं. शेवटची गाडी, रिकामा लेडीज डबा, कोपऱ्यात हिरवं लुगडं, मग चर्नी रोडला ती उठते आणि उतरते. आजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "पाय उलटे म्हणतोस, मग तन्वी नुसते ओले ठसे बघून मागावर कशी निघाली? ठसे तर डब्यात शिरल्यासारखे दिसणार."

ते प्रकरण मी पहिल्या ओळीपासून परत लिहिलं. आता तन्वी रिकाम्या डब्यात शिरते आणि दार बंद नसताना आत अडकते.